ओसाड गावाचा राखणदार

जैसलमेर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूचे डोंगर आणि उंटांची रांग उभी राहते. कॅलेंडरांनी आणि सिनेमांनी ते चित्र आपल्या मनात पक्के करून ठेवले आहे. प्रत्यक्षात शहराभोवतीचा बराचसा मुलूख खडकाळ आहे. पिवळसर दगडाचा बरड माळ, त्यावर मुठीएवढ्या गोट्यांचा पसारा, अधूनमधून नेपतीची झुडपे, रुई आणि आपण जिला शमी किंवा सौंदड म्हणतो ती खेजडी. माण-आटपाडीकडचा शेतकरी तिथे नेऊन सोडला तर त्याला पहिल्या नजरेत फारसे परके वाटणार नाही. पावसाचा आकडा ऐकला की मात्र तो गप्प होईल. आपण ज्याला दुष्काळी टापू म्हणतो तिथे वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर तरी पडतो. इथे सरासरी दोनशेच्याही आत, आणि तोही दोन-तीन सरींत येऊन जातो.

अशा माळावर, शहराच्या नैर्ऋत्येला सतरा-अठरा किलोमीटरवर कुलधरा नावाचे गाव आहे. आहे म्हणायचे ते घरे आहेत म्हणून. माणूस राहत नाही.

मागल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यातल्या अकरा शेतकऱ्यांना आणि चार शेतकरी भगिनींना घेऊन मी राजस्थानच्या अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. मुख्य काम जोधपूरला होते. तिथली काझरी, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, 1959 सालापासून कोरड्या मुलखातल्या शेतीवर काम करते आहे. बोर, जिरे, बाजरी, वाळू थोपवण्याचे पट्टे, असे बरेच काही तिथे पाहून झाले. पण माझा जीव अडकला होता तो 'खडीन' पाहण्यात. पुस्तकात वाचले होते, चित्रात पाहिले होते, शेतकऱ्यांपुढे भाषणातही सांगितले होते. पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. म्हणून एक दिवस वाढवून आम्ही जैसलमेरला गेलो. कुलधऱ्याला नेण्याचा आग्रह गाडीच्या ड्रायव्हरचा. म्हणाला, "साहब, भूतों का गाँव देखे बिना कोई वापस नहीं जाता."

गाव पाहून आमची मंडळी चकित झाली ती भुतांमुळे नव्हे, आखणीमुळे. सरळ रेषेत गल्ल्या, दोन्ही बाजूंना दगडी घरे, गावाच्या मध्यावर देवीचे देऊळ. चारशेहून अधिक घरांचे अवशेष इथे आहेत. अलीगढचे इतिहासकार सय्यद अली नदीम रेझवी यांनी गावाची बारकाईने पाहणी केली तेव्हा भरभराटीच्या काळात पंधराशेच्या वर वस्ती असावी असा हिशेब त्यांनी मांडला होता. भिंती घडीव दगडाच्या. छपरे बहुतेक गेलेली. काही घरे अलीकडे दुरुस्त करून उभी केली आहेत, तिथे माणसे जिन्याने वर जाऊन फोटो काढतात. गावाबाहेर स्मारकशिळा आहेत, त्यांना तिकडे देवळी म्हणतात. पलीकडे काकनी नदीचे कोरडे पात्र.

हे गाव पालीवाल ब्राह्मणांचे. मूळचे पालीचे म्हणून पालीवाल. ब्राह्मण असले तरी यांचा धंदा शेती आणि व्यापार. दोन्हींत पारंगत. जैसलमेरच्या आसपास यांची चौऱ्याऐंशी गावे होती असे सांगतात.

मग ती ओस का पडली? प्रवाशांना सांगितली जाते ती गोष्ट अशी: जैसलमेर दरबारचा दिवाण सालिमसिंग याची नजर मुखियाच्या मुलीवर गेली. मुलगी द्या नाहीतर बघून घेतो, अशी धमकी आली. चौऱ्याऐंशी गावांची पंचायत बसली आणि एका रात्रीत सगळी गावे उठून निघून गेली. जाताना शाप दिला की इथे पुन्हा कोणी वसणार नाही.

गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे, आणि सालिमसिंग हा माणूस खराच होऊन गेला. त्याची हवेली जैसलमेरमध्ये आजही दिमाखात उभी आहे. त्याने पालीवालांना कसे पिळले हे कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. पण एका रात्रीत गाव रिकामे झाले हे मात्र कागदपत्रांशी जुळत नाही. वस्ती हळूहळू घटत गेली, विहिरींचे पाणी आटत गेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही थोडीफार माणसे इथे नांदत होती अशी नोंद सापडते. काही भूशास्त्रज्ञांनी पडझडीत भूकंपाच्या खुणाही दाखवल्या आहेत. माझे स्वतःचे मत विचाराल तर सारा आणि पाणी या दोन गोष्टी एका वेळी माणसावर उलटल्या की शापाची गरज उरत नाही. एकवेळ पाणी कमी पडले तरी शेतकरी तग धरतो. एकवेळ सारा वाढला तरी चांगल्या सालाच्या आशेवर तो भरतो. दोन्ही एकदम आले की बैल जुंपून वाट धरतो. असो.

या गावाला राखणदार आहे. फाटकाशी, दगडी ओट्यावर तो बसला होता. साठीच्या आसपासचा, काटक, डोक्याला लाल पगडी, हातात काठी, पायांत टाचा झिजलेल्या मोजड्या. दिवसा गावात फिरायचे, कोणी भिंतीवर नाव कोरू लागले तर हटकायचे, दगड काढू द्यायचा नाही, संध्याकाळी सगळ्यांना बाहेर काढून फाटक लावायचे, हे त्याचे काम. कायम नोकरी नाही. त्याचे स्वतःचे गाव तिथून दोन-तीन कोसांवर. त्याचे नाव मी इथे देत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याच्या एका अर्जाची भानगड आहे. आम्ही त्याला 'भाईसा' म्हणत होतो, तो आम्हाला 'साब' म्हणत होता.

आम्ही तिथे होतो त्या तासाभरात निदान तीस जणांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला असेल. पगडी, मिशा आणि मागे पडके घर. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, कोणी त्याची काठी मागून घेतली. आणि प्रश्न ठरलेला: भूत पाहिले का?

"रात्री बघितले नाही म्हटले की त्यांचे तोंड उतरते," तो मला नंतर म्हणाला. बोलणे त्याचे मारवाडी मिसळलेल्या हिंदीतले, मी मराठीत लिहितो आहे. "म्हणून मग कधी म्हणतो, बांगड्यांचा आवाज ऐकला. खूश होतात. चहाला दहा-वीस रुपये देतात. साब, खोटे बोलल्याचे पैसे मिळतात, राखणीचे मिळतात ते तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत."

आमच्यातल्या एका भगिनीने मात्र त्याला भलतेच विचारले. जन्म गेला हंडे वाहण्यात, त्यामुळे तिला दुसरे सुचलेच नसावे. ती म्हणाली, "भाऊ, एवढ्या बायका पाणी कुठून आणायच्या?"

मी तिचा प्रश्न हिंदीत सांगितला, आणि इतका वेळ ओट्यावर बसलेला तो माणूस उठला. आमच्या पुढे चालू लागला. गावाची बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, त्याने दाखवली. कोणत्या गल्लीतून बायका येत असतील, उतार कुठे आहे, गावाचे पाणी कोणीकडे वाहून जाते, हे काठीने रेघा ओढून त्याने समजावले. बोलता बोलता त्याचे खांदे सरळ झाले. हा माणूस चौकीदार नव्हे, शेतकरी आहे, हे आमच्या सगळ्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. मी विचारले, "भाईसा, घरी खडीन आहे?" तो म्हणाला, "आहे. पाच भावकींत मिळून. फाटक लावल्यावर चला."

फाटक लावायला अजून अवकाश होता, तेव्हा मी त्याचा फोटो काढायला परवानगी मागितली.

इथे माझ्या कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी खात्यात लागलो तेव्हा प्रात्यक्षिकाच्या प्लॉटचे फोटो अहवालाला जोडावे लागत. रंगीत रोल महाग, आणि पत्रकात छापायचे तर काळा-पांढराच बरा उमटे. म्हणून काळ्या-पांढऱ्या रोलवर हात बसला. पुढे मोबाईल आले आणि सगळ्यांनी रोल सोडून दिले. मी सोडला नाही. रोल अजून मुंबईहून मागवता येतो, औषधे मिळतात, आणि मोरीत अंधार करून मी स्वतःच तो धुतो. घरचे याला खूळ म्हणतात, आणि मी वाद घालत नाही.

पण माणसाचा चेहरा टिपायचा तर काळ्या-पांढऱ्या फोटोसारखे दुसरे साधन नाही, हे मी अनुभवाने सांगतो. रंगीत फोटोत त्या माणसाची लाल पगडी आधी दिसते. डोळा तिथेच जातो आणि तिथेच राहतो. काळ्या-पांढऱ्या रोलवर लाल रंग मधल्या राखाडीत उतरतो, पगडी मागे सरते आणि पगडीखालचा माणूस पुढे येतो. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या उन्हाने पडलेल्या घड्या, तडकलेले ओठ, हे सगळे उजेड आणि सावली यांचेच खेळ आहेत, त्यांना रंगाची गरज नसते.

मात्र उजेड बरोबर हवा. दुपारी एकचे ऊन डोक्यावर असते. तेव्हा उघड्यावर फोटो काढला तर पगडीची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी नुसती दोन काळी भोके उमटतात. प्रवासी काढतात ते बहुतेक फोटो असेच, आणि मग भुताच्या गावात भुताचाच फोटो आला म्हणून दाखवत फिरतात. मी भाईसांना एका दुरुस्त केलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसवले. डोक्यावर चौकटीची सावली आणि पुढे उन्हाने तापलेले फिकट दगडी अंगण. अंगणातला उजेड परतून खालून चेहऱ्यावर येतो, मऊ आणि सारखा. याला वेगळे यंत्र लागत नाही. आपल्याकडेही शेणाने सारवलेल्या अंगणापेक्षा फरशीच्या अंगणापुढे, उंबऱ्यावर बसवून फोटो काढून पाहा, फरक कळेल.

बसला तो, पण कसा? सावधान! पाठ ताठ, काठी उभी, नजर समोर, श्वास रोखलेला. आपल्या खेड्यातली माणसे लग्नाच्या फोटोला उभी राहतात तसा. याला कोणी हसू नये. ज्याचे फोटो आयुष्यात मोजके निघतात तो माणूस फोटोला देवासमोर उभे राहावे तसा उभा राहतो. अशा वेळी घाई करून चालत नाही. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि विचारले, "यंदा खडीन किती भरली?"

त्याने लगेच उत्तर दिले नाही. काठी आडवी करून मांडीवर घेतली, दोन्ही तळवे तिच्यावर टेकले आणि माझ्याकडे न पाहता अंगणापलीकडच्या माळाकडे पाहिले. मग म्हणाला, "अर्धी." त्या क्षणी मी बटण दाबले. त्यानंतर आणखी सात काढले, पण मला ठाऊक होते की फोटो तो पहिलाच.

कॅमेरा पिशवीत घालताना तो म्हणाला, "साब, रोज शंभर जण काढतात. माझ्या घरी एकही फोटो आलेला नाही."

संध्याकाळी फाटकाला कुलूप लागले आणि आम्ही त्याच्या गावाच्या वाटेला लागलो. एका उंचवट्यावरून खाली उतरलो तोच आमची मंडळी एकदम थांबली. त्या सगळ्या करड्या माळाच्या मध्ये गुडघ्याएवढा हिरवा गहू उभा होता, पलीकडे हरभरा. मोटार नाही, पाट नाही, पाइप नाही.

खडीन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण हे आपल्या कामाचे आहे. तीन बाजूंनी खडकाळ उतार आणि मध्ये खोलगट सपाट जमीन अशी जागा निवडायची. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा. त्याला ते पाळ म्हणतात. वरच्या बरड माळावर पडलेला पाऊस जिरत नाही, धावत खाली येतो आणि बांधाशी साठतो. बरोबर गाळ आणतो. पाणी जास्त झाले तर सांडव्यावरून निघून जाते. पावसाळाभर साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते, आणि आश्विन-कार्तिकात वरचे पाणी सरले की त्या ओल्या गाळात गहू-हरभरा पेरायचा. नंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मुरणारे पाणी जमिनीतला खारही खाली आणि बांधापलीकडे ढकलते, म्हणून जमीन खारवत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली तर तिला गोडे पाणी लागते. ही सगळी विद्या पंधराव्या शतकापासून पालीवालांनी या मुलखात रुजवली. खडिनीची जमीन राजाची, कसणारे पालीवाल, आणि पिकाचा चौथा हिस्सा दरबारला, असा व्यवहार होता म्हणतात.

आता यातली मेख ऐका. वरच्या ज्या माळावरून पाणी येते त्याला ते आगोर म्हणतात. पिकाखालच्या एका एकराला वरचा दहा-पंधरा एकर आगोर लागतो. हा माळ दिसायला पडीक, कागदोपत्री पडीक, कोणाच्या मालकीचा नाही म्हणून सगळ्यांना फुकट वाटणारा. पण खडिनीचा जीव तिथे आहे. जुनी माणसे आगोरात जोडे घालून जात नसत, घाण करीत नसत, माती उकरत नसत.

आमच्यातल्या मंगळवेढ्याकडे सोयरिक असलेल्या एका शेतकऱ्याने बांधाच्या आत उतरून गव्हाच्या ओळीत बोटे खुपसली. मुठीत माती दाबली, तिचा लाडू झाला. तो म्हणाला, "साहेब, ही तर आपल्या मालदांडीची ओल." खरे होते. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आपली रब्बी ज्वारी येते, तीच तऱ्हा. फरक इतकाच की आपल्याला ती ओल काळ्या मातीने आयती दिली, यांनी ती बांध घालून मिळवली. भाईसांनी लगेच विचारले, या मालदांडीचे बी इथे चालेल का? मी सांगितले, तुमच्याकडचा पौष-माघातला गारठा तिला सोसायचा नाही, गहू-हरभराच बरा. त्याला ते पटले. खोटी आशा दाखवली नाही याचे त्याला बरे वाटले असावे, कारण मग तो मनातले बोलला.

खडीन अर्धी का भरली ते त्याने बांधावर उभे राहून दाखवले. समोरच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. त्यांच्याकडे जाण्यासाठी माळावरून नवा रस्ता भराव टाकून केलेला. तो रस्ता नेमका आगोराला आडवा गेला आहे. रस्त्यापलीकडचे पाणी भरावाला अडते, तिथेच डबकी करून बसते आणि उन्हाने उडून जाते. निम्मा आगोर तुटला, म्हणून निम्मी खडीन कोरडी. पश्चिमेकडच्या पट्ट्यात गहू नव्हताच, भेगाळलेला गाळ होता. पाचांपैकी दोन भावांचे वाटे तिकडे. त्यातला एक कुटुंब घेऊन शहरात हॉटेलात कामाला लागला आहे.

"एका घराला कुलूप लागले," भाईसा म्हणाले. "कुलधऱ्याला मी कुलूप लावतो तो नोकरीचा भाग आहे. भावाच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, त्याचा पगार मिळत नाही."

रस्त्याखालून दोन-तीन मोऱ्या टाकल्या असत्या तर हे झाले नसते. पवनचक्की नको असे तिथे कोणीच म्हणत नव्हते. भाईसांचा मुलगा त्याच कामावर आहे. पण रस्ता आखताना पाणी कोणीकडून येते हे गावात कोणाला विचारावे असे आखणाऱ्याला वाटले नाही. पडीक दिसले, रेघ ओढली. हे राजस्थानातच घडते असे समजू नका. आपल्या नाल्यांवर, पाझर तलावांच्या वरच्या अंगाला काय चालते ते ज्याने त्याने आपल्या शिवारात जाऊन पाहावे.

अर्ज त्याने दोनदा दिला होता. उत्तर आले नव्हते. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून तो म्हणाला, "साब, तो उंबऱ्यावरचा काढलात तो राहू द्या. एक असा काढा की ज्यात मी असेन आणि रस्ताही दिसेल."

आम्ही भरावापर्यंत चालत गेलो. सूर्य खाली आला होता, ऊन आडवे पडले होते, आणि आडव्या उन्हात जमिनीचा प्रत्येक चढउतार सावलीने उठून दिसतो. पाणी अडल्याची रेघ भरावाच्या वरच्या अंगाला स्वच्छ उमटली होती: खाली चिखलाचे वाळलेले पापुद्रे, वर कोरडी खडी. भाईसांना मी त्या रेघेपाशी उभे केले. पाणी किती चढले होते ते कळावे म्हणून काठी उभी धरायला सांगितली. मापाला काहीतरी लागते, नाहीतर कचेरीतल्या माणसाला हातभर आणि पुरुषभर सारखेच वाटते. एक फोटो रस्त्याच्या वरून, एक खालून, एक लांबून, ज्यात डावीकडे हिरवे पीक आणि उजवीकडे कोरडा गाळ एकत्र दिसतील असा. हिरवा रंग अर्थातच येणार नव्हता, पण उभे पीक आणि भेगा यांतला फरक काळ्या-पांढऱ्यातही लपत नाही.

आश्चर्य म्हणजे इथे तो सावधान उभा राहिला नाही. इथे त्याला काम होते.

त्याच्या घरी चहा झाला. घरच्या बाईंनी पदर तोंडावरून खाली ओढलेला, पण आमच्या भगिनींशी त्यांचे असे काही जमले की आत चुलीपाशी बाजरीच्या भाकरीवरून दोन्ही भाषांत चर्चा सुरू झाली. एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि अडत कुठेच नव्हते. निघताना बाईंनी कुमटाच्या शेंगांतल्या बिया आणि सांगरी बांधून दिली. या बिया, सांगरी आणि केर वाळवून वर्षभर भाजी करतात. आमच्याकडून तिळाचे लाडू गेले.

घरी आल्यावर आठवड्याने मी रोल धुतला. आपल्याकडे तेव्हा थंडी होती म्हणून पाणी बरोबर वीस अंशांवर मिळाले. उन्हाळ्यात बर्फ घालावा लागतो. ओली निगेटिव्ह दोरीवर टांगून उजेडात धरली की सगळे उलटे दिसते, चेहरा काळा, सावली पांढरी. तरीसुद्धा पहिला फोटो मी तिथेच ओळखला. कागदावर उतरवला तेव्हा उंबऱ्याचा दगड, मागची भिंत आणि त्याचा चेहरा तिन्ही जवळपास एकाच राखाडीत आले. वेगळे उठून दिसतात ते डोळे, आणि काठीवर टेकलेले हात. उजव्या हाताच्या अंगठ्याचे नख फुटलेले आहे. मी काढताना ते पाहिले नव्हते. पाहणारा कोणी तो भुताच्या गावाचा राखणदार आहे असे म्हणेल. मी तो फोटो आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला नुसताच दाखवला, कोण कुठला काही सांगितले नाही. त्याने चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाला, "पावसाची वाट बघतोय."

उंबऱ्यावरच्या फोटोच्या तीन प्रती आणि रस्त्याच्या फोटोंच्या प्रत्येकी पाच प्रती मी रजिस्टर टपालाने पाठवल्या. मागच्या बाजूला तारीख, जागा आणि काठीची लांबी लिहिली. निगेटिव्ह माझ्याकडे जपून ठेवली आहे. नीट धुतलेली निगेटिव्ह माणसाच्या आयुष्याएवढी सहज टिकते, आणि लागली तर दाखवता येते. अर्जाबरोबर कोणते कागद जोडावेत, पोच कशी घ्यावी, ग्रामसभेचा ठराव का हवा, हेही एका कागदावर हिंदीत लिहून दिले. आमच्या कामात हे रोजचेच आहे.

पंधरा दिवसांनी त्याच्या मुलाचा फोन आला. फोटो पोहोचले. आई म्हणते की बापू फारच म्हातारे दिसतात, पगडी लाल का नाही? एक प्रत घरात लावली, एक शहरात गेलेल्या काकांना दिली, तिसरी बापूंनी फाटकाच्या खोलीत ठेवली आहे. भुताबद्दल विचारणारांना ते आता कधीकधी रस्त्याचा फोटो दाखवतात. कोणी पाहते, कोणी नाही. अर्ज तिसऱ्यांदा दिला आहे, या वेळी ठराव आणि फोटो जोडून, आणि पोच घेतली आहे. माणूस येऊन मोजणी करून गेला.

यंदा श्रावणात तिकडे पाऊस झाल्याचे रेडिओवर ऐकले म्हणून मीच फोन केला. या वेळी भाईसा स्वतः बोलले. मी विचारले, पाणी सांडव्यापर्यंत आले का?

"एक मोरी टाकली आहे, साब," ते म्हणाले. "दुसरीचे पाइप आणून ठेवलेत, अजून माळावरच पडून आहेत. पाणी भावाच्या वाट्याच्या कडेपर्यंत आले. पेरायला ये म्हणून त्याला निरोप धाडला आहे."